मागे कुणी बसू शकणार नाही अशी गाडी

आमच्या अलीगंजच्या घराची पुढची खोली आत्याची होती. त्या खोलीत पलंगाखाली, खिडकीत, पुस्तकांच्या मागे, जिथे जागा मिळेल तिथे माती भरलेल्या बाटल्या होत्या. प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर गावाचं नाव. झाडूपोछ्याला येणाऱ्या बाईला आत्याची सक्त ताकीद होती, की फरशीवर माती दिसली तर आधी विचारायचं, हा कचरा आहे की नमुना. ती बाई बिचारी रोज विचारायची. "दीदी, ये वाली काम की है?"

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. तिने लग्न केलं नव्हतं. नागपूरला शेतकी कॉलेजात शिकली, सरकारी नोकरीत लागली आणि बदली होत होत लखनौला पोचली. बाबा टेलिफोन खात्यात आधीपासून इथेच होते, म्हणून ती आमच्याकडे राहिली. तिचं काम उसर जमिनीचं. अमौसीच्या विमानतळापलीकडे गेलं की अशी जमीन लागायची, जिच्यावर पांढरी खारट पूड वर येते आणि गवताची काडीसुद्धा धरत नाही. त्या पुडीला तिकडे रेह म्हणतात. धोबी ती गोळा करून नेत आणि तिने कपडे धूत. आत्याला त्या जमिनीत भात पिकवून दाखवायचा होता.

अडचण होती ती तिथवर जाण्याची. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे तिचा डावा पाय बारीक राहिला होता. डांबरी रस्त्यावर ती आमच्या पुढे चालायची, पण शेतातले बांध आणि नाले तिला जड जायचे. ऑफिसात एक जीप होती, पण ती साहेबांच्या ताब्यात. त्यातून त्या वर्षी साहेबांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. त्यामुळे कागदावर उसर जमीन बघायला निघालेली जीप दिवसभर अमीनाबादेत कापडाच्या दुकानांपाशी उभी असायची. चुकून कधी आत्याला मिळालीच, तर बाबा रजा टाकून तिच्याबरोबर निघायचे. रजा नाही मिळाली, तर मला पाठवायचे. "ताई, तू एकटी नको जाऊ," हे त्यांनी तिला इतक्या वेळा सांगितलं होतं की मी लहानपणी ते एखाद्या प्रार्थनेसारखं घोकून दाखवत असे. आत्या त्यांच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी होती, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. सत्तरचं दशक संपत आलं होतं. एका रविवारी जेवता जेवता आत्या म्हणाली, "मी गाडी घेते आहे."

बाबांचा घास हातातच राहिला. "कसली गाडी?"

"शेतातून जाईल अशी. हँडलवाली नको, गोल स्टिअरिंग पाहिजे. आणि सीट एकच."

"एकच? मग बरोबर कोण बसणार?"

"हो ना," आत्या म्हणाली आणि वरणाची वाटी पुढे केली. "वाढ गं जरा."

आई वाढायच्या निमित्ताने स्वयंपाकघराकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. हसत होती ती.

बाबा सहजासहजी हार मानणारे नव्हते. त्यांनी ठरवलं, की ताईला गाडी पाहिजे ना, मग ती आपणच निवडून देऊ. पुढच्याच आठवड्यात त्यांच्या ऑफिसातले एक गृहस्थ स्कूटर घेऊन दारात आले. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना दोन लहान चाकं जोडलेली, त्यामुळे थांबली तरी पडायची नाही. मागे ऐसपैस सीट. बाबांनी त्या सीटवर हात फिरवून पाहिला.

ते गृहस्थ फार प्रेमळ होते. आत्या बाहेर आल्याबरोबर त्यांनी आवाज खाली आणला, आजारी माणसाच्या खोलीत बोलतात तसा. "बहनजी, आपके लिए बिल्कुल ठीक रहेगी. आप जैसों के लिए ही बनवाते हैं लोग. कोई तकलीफ़ नहीं होगी."

आत्याने मान डोलावली, स्कूटरला एक फेरी मारली आणि म्हणाली, "आप ज़रा चलाकर दिखाइए."

ते बसले आणि निघाले. आमच्या गल्लीच्या दोन्ही कडांना उघड्या नाल्या होत्या. वळताना डावं लहान चाक नालीत गेलं, उजवं हवेत राहिलं, आणि ते गृहस्थ हँडल घट्ट धरून तिरपे अडकून बसले. शेजारचे दोघे धावले. आत्या जागची हलली नाही. त्यांना बाहेर काढल्यावर मात्र जवळ गेली आणि त्यांच्याच त्या मऊ आवाजात म्हणाली, "तकलीफ़ तो नहीं हुई?"

संध्याकाळी मी तिला विचारलं, "आत्या, हँडल से क्या दिक्कत है?" घरात सगळे मराठी बोलायचे आणि मी हिंदीत उत्तर द्यायचे, तशी सवयच होती.

ती बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. "हँडलच्या असल्या गाडीवर मी बसले ना, की लोक आधी माझा पाय बघतात. गोल चाक धरून बसले की ते बाजूला होतात. मला लोकांनी बाजूला व्हायला पाहिजे. समजलं?"

समजलं होतं. त्या दिवसापासून मी तिच्या पक्षात गेले. बाबांना मात्र ते कळू दिलं नाही. दोन्हीकडच्या बातम्या मला मिळत होत्या आणि त्यात मोठी मजा होती.

बाबांची दुसरी निवड म्हणजे जुनी जीप. त्यांच्या ओळखीच्या एका ठेकेदाराची होती. गोल स्टिअरिंग आहे, शेतात जाते, ताईच्या दोन अटी पूर्ण झाल्या, तिसरी तिने सोडून द्यावी, असं बाबांचं म्हणणं. आत्या हसून म्हणाली, "बघू ना. पण बघायची तर माझ्या जमिनीवरच बघू."

पावसाळा उलटून ऊन पडलं होतं. रविवारी सकाळी आम्ही निघालो. ठेकेदार चालवायला, शेजारी बाबा, मागे आत्या आणि मी. अमौसी ओलांडून कच्च्या रस्त्याला लागलो आणि मग रस्ताही संपला. समोर पांढरी, सपाट, उन्हात चकाकणारी जमीन. दिसायला एकदम कडक, वर लोणी पसरून सुकवल्यासारखी.

"कुठून घ्यायची?" बाबांनी मागे वळून विचारलं.

आत्याने डोळ्यांवर हात धरून जमीन पाहिली. त्या जमिनीचा चप्पा अन् चप्पा तिने खणलेला होता. वरचा पापुद्रा कुठे वाळलाय आणि कुठे त्याच्याखाली चिखल आहे, हे तिला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. तिने शांतपणे बोट दाखवलं. "तिकडून. त्या बाभळीच्या उजव्या अंगाने."

"कडक आहे ना?"

"दिसते तर कडक," आत्या म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. बांगड्या वर सरकवून तिने पुढची दांडी घट्ट धरली, तेव्हा मीही धरली.

बाभळीपर्यंत जीप झोकात गेली. बाभळीच्या उजव्या अंगाला पोचली आणि साबणाच्या वडीवरून पाय सरकावा तशी आडवी सरकत गेली. मग पुढची चाकं आत, मागची आत, आणि ठेकेदाराने जितका जोर लावला तितकी ती आणखी बसत गेली. शेवटी बाबांच्या बाजूचा दरवाजा उघडेना, कारण बाहेर चिखल होता.

"ताई!" बाबा ओरडले.

"जड आहे रे फार," आत्या कळवळून म्हणाली. "चार जण बसलो ना आपण. एकटं माणूस असतं तर वरच्या वर निघून गेलं असतं."

जवळच्या गावातून प्रधानजींनी, म्हणजे तिथल्या सरपंचांनी, दोन म्हशी पाठवल्या. म्हशींना तो चिखल आवडला आणि त्यांनी जीप ओढायच्या आधी त्यात बसून घेतलं. गावात आत्या मातीची डॉक्टर होती. प्रधानजी बांधावर उभे राहून तिला विचारत होते, "डॉक्टरनी साहिबा, आप तो जानती थीं, इधर से कैसे आ गईं?" मी त्यांना खुणेने गप्प केलं. जीप दुपारी निघाली. बाबांची पॅंट गुडघ्यापर्यंत पांढरी झाली होती, आणि आईने दुसऱ्या दिवशी ती धुतली तर साबण लावावाच लागला नाही. रेह चांगली मुरली होती.

तिसरी निवड आत्याची स्वतःची. ऐशबागेकडे एका पत्र्याच्या शेडखाली एक उस्ताद बसायचे. पांढरी दाढी, पान, आणि कुर्त्यावर ग्रीसचा एक डाग नाही. ते काय करतात, याचं उत्तर कुणालाच धड देता येत नसे. लोक त्यांच्याकडे मोडलेलं काहीतरी घेऊन जात आणि काहीतरी दुसरंच चालतं घेऊन परत येत. आत्याने त्यांना कागदावर चित्र काढून दाखवलं. रिक्षाचं इंजिन मागे, कारण त्याला रिव्हर्स गियर असतो. सुरू करायला पायाची किक नको, रिक्षासारखा हाताने ओढायचा दांडा. क्लच आणि गियर डाव्या हाताला, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही उजव्या पायाला. मागचे टायर रुंद. मध्ये एक सीट.

उस्तादांनी चित्र लांब धरून पाहिलं. डावा पाय चित्रात कुठेच कामाला नाही, हे त्यांच्या लक्षात आलं असणार. पण त्यांनी आत्याच्या पायाकडे नजरसुद्धा टाकली नाही. फक्त म्हणाले, "हुज़ूर, हैंडल में मेहनत कम है, स्टीयरिंग में शान ज़्यादा. आप क्या फ़रमाती हैं?"

"शान," आत्या म्हणाली.

"तो फिर बात ख़त्म."

एका मोडीत निघालेल्या मोठ्या मोटारीचं स्टिअरिंग त्यांनी काढून ठेवलेलं होतं. ते परातीएवढं होतं. सांगाडा तयार झाल्यावर आत्या बसायला गेली, तर स्टिअरिंग आणि सीट यांच्यामध्ये तिला शिरताच येईना. उस्तादांनी विचार केला आणि स्टिअरिंग खिळीवर बसवलं. खिळी ओढली की ते अख्खं हातात येई. आधी आपण बसायचं, मग ते लावायचं. आत्याला हे इतकं आवडलं की तिने ते दहा वेळा काढलं आणि लावलं.

इकडे बाबा गप्प होते, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. एका शनिवारी कॉलेजातून येताना मी शेडवर डोकावले, तर बाबा उस्तादांसमोर बसून चहा पीत होते. मी पत्र्याआड थांबले.

"उस्ताद, पीछे एक आदमी के बैठने की जगह निकाल दीजिए. बहन को मत बताइए."

"आपका हुक्म सर आँखों पर."

मी घरी येऊन आत्याला सांगितलं. ती तडक रिक्षा करून उस्तादांकडे गेली आणि सोबत मीही. "मागे बसायची जागा अजिबात नको," असं तिने हिंदीत, खणखणीत सांगितलं. उस्ताद छातीवर हात ठेवून वाकले. "आपका हुक्म सर आँखों पर."

"लेकिन अभी तो आपने बाबा से…" मी म्हणायला गेले. उस्तादांनी माझ्याकडे पाहून एक डोळा बारीक केला आणि पानाचा डबा उघडला.

गाडी तयार झाली त्या दिवशी आम्ही चौघंही ऐशबागेला गेलो, आईसुद्धा. गाडी हिरवी होती. चार चाकं, मधोमध सीट, समोर ते प्रचंड स्टिअरिंग. आणि सीटच्या मागे लाल रेक्झीनची सुंदर गादी.

आत्याचा चेहरा उतरला. बाबा खुशीत पुढे झाले आणि गादीवर ऐटीत बसले. "वा! चल ताई, एक चक्कर मारू."

आत्या बसली, स्टिअरिंग लावलं, दांडा ओढला. इंजिन फटफटू लागलं. शेडपासून रेल्वेच्या फाटकापर्यंत जायचं आणि यायचं असं ठरलं. फाटक बंद होतं. मालगाडी जात होती, लांबच लांब. आम्ही इकडून पाहत होतो. पहिले पाच-सहा डबे गेले तोवर बाबा नीट बसले होते. मग ते डाव्या कुल्ल्यावरून उजव्यावर आले. मग परत डाव्यावर. दहाव्या डब्याला ते उभे राहिले, आणि मग उडी मारून खाली उतरले आणि दोन्ही हातांनी पॅंट मागून झटकू लागले. फाटकाशी थांबलेले सगळे सायकलवाले बघत होते. आत्या फाटक उघडल्यावर एकटीच पलीकडे गेली आणि वळून एकटीच परत आली. बाबा मागून चालत आले.

"उस्ताद, यह क्या है? नीचे आग लगी है!"

"साइलेंसर है, हुज़ूर. और कहीं जगह ही नहीं थी."

"मैंने आपसे बैठने की जगह कही थी!"

"बैठने की ही तो है," उस्ताद नम्रपणे म्हणाले. "बैठे रहने की बात आपने कहाँ फ़रमाई थी?"

आई इतकी हसली की तिला तिथल्या टायरवर बसावं लागलं. बाबांनी आधी तिच्याकडे रागाने पाहिलं, मग आत्याकडे, मग गादीकडे. उस्तादांनी त्यांच्यापुढे पान केलं. पान तोंडात घातल्यावर माणसाला भांडता येत नाही, आणि उस्तादांना ते ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी ती गादी निघाली आणि तिथे मातीचे नमुने ठेवायची पत्र्याची पेटी आली. ओली माती घरी येईपर्यंत वाळूनही जायची.

कागदपत्रांचा घोळ पुढे बरेच महिने चालला. गाडी नोंदवणाऱ्या कारकुनाला ती कोणत्या रकान्यात घालावी कळेना. मोटार म्हणावी तर छोटी, रिक्षा म्हणावी तर एक चाक जास्त. आत्याने त्याला उसर जमिनीबद्दल दीड तास समजावून सांगितलं. शेवटी त्याने कंटाळून "कृषि यंत्र" असं लिहून शिक्का मारला. यंत्राला सायलेन्सर, स्टिअरिंग आणि भोंगा होता, एवढंच.

ऑफिसात साहेबांनाही गाडी पसंत पडली. जीप दुरुस्तीला गेलेली असताना एक दिवस ते म्हणाले, "मॅडम, आज आपकी गाड़ी मैं ले जाऊँगा, शहर में ज़रा काम है." आत्या म्हणाली, "ज़रूर, सर." साहेब खाली गेले आणि पाच मिनिटांत वर आले. मीटिंग चालू होती. आत्या मांडीवर स्टिअरिंग ठेवून टिपणं घेत होती. साहेबांनी ते पाहिलं, दारात क्षणभर उभे राहिले आणि रिक्षा बोलवायला सांगून निघून गेले. तसंही त्यांना गाडी चालवता येत नव्हती आणि ड्रायव्हरला बसायला जागा नव्हती. हे मला आत्याने सांगितलं, पण तिच्या ऑफिसातला शिपाई भेटला तेव्हा त्यानेही तेच सांगितलं, म्हणून मी लिहिते आहे.

बाबा मात्र सहा महिने त्या गाडीकडे पाहत नव्हते. आत्या सकाळी निघाली की ते वर्तमानपत्र उंच धरत. ती परत येईपर्यंत फाटकात फेऱ्या मारत आणि भोंगा ऐकू आला की घाईने आत जाऊन पुन्हा वर्तमानपत्र धरत. आत्याला ते ठाऊक होतं. म्हणून ती कोपऱ्यावरच, लांबून, दोनदा भोंगा वाजवायची. त्यांना आत पोचायला वेळ मिळावा म्हणून.

एका हिवाळी रविवारी आत्याने आम्हाला तिकडे जेवायला बोलावलं. प्रधानजींच्या शेतातल्या एका तुकड्यात भात झाला होता. फार नाही, पण झाला होता, आणि त्याचा शिजवलेला भात आम्ही खाणार होतो. ती गाडीने पुढे गेली. आम्ही तिघं बसने आणि मग एका बैलगाडीने पोचलो. भात जाडसर होता. आत्या कुणी काही बोलतंय का म्हणून सगळ्यांची तोंडं बघत होती. बाबांनी तीनदा वाढून घेतला. मग हात धुऊन ते गाडीजवळ गेले आणि उगाच टायर दाबून पाहू लागले.

"बस की," आत्या म्हणाली.

"नको. कशाला."

"अरे, बस."

ते बसले. आत्याने स्टिअरिंग त्यांच्या हातात दिलं, गियर कसे टाकायचे ते दाखवलं, आणि बाबा गचके खात निघाले. बांधावरून गेले, बाभळीच्या डाव्या अंगाने गेले आणि दिसेनासे झाले. आम्ही वाट पाहिली. चहा झाला. प्रधानजींनी दोन माणसं शोधायला पाठवायची तयारी केली. तासाभराने बाबा परत आले, केस उभे, चष्म्यावर धूळ, आणि चेहरा असा की मी त्यांना त्याआधी तसं पाहिलं नव्हतं.

आत्या कमरेवर हात ठेवून उभी होती. "इतका वेळ? एकटा? कुणाला बरोबर न्यावंसं वाटलं नाही?"

बाबा उतरले आणि चष्मा पुसत बसले.

तेवढ्यात आई, जी आयुष्यात कधी सायकलवरही बसली नव्हती, पदर खोचून सीटवर चढली. "आता मी," ती म्हणाली. बाबांनी तोंड उघडलं, पण आत्याने तिला स्टिअरिंग लावून दिलंही होतं. दांडा ओढला, पहिला गियर पडला आणि आई संथपणे, अगदी सरळ रेषेत, त्या पांढऱ्या मैदानावरून निघून गेली.

"ताई," बाबा थोड्या वेळाने म्हणाले, "तू तिला थांबवायचं कसं ते सांगितलंस?"

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी प्रधानजींकडे पाहिलं.

आई पार कालव्यापर्यंत जाऊन थांबली, कारण तिथे पेट्रोल संपलं. आम्ही धापा टाकत पोचलो, तर ती दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून निवांत बसली होती. बाबांनी तिला उतरायला हात दिला. तिने तो धरला नाही.

"पेट्रोल घेऊन या," ती म्हणाली. "मी बसते इथे."